वाचकांचे प्रश्न : इंजेक्शनच्या गाडीचे आयडलिंग वर-खाली का होते?

गेल्या काही आठवड्यांत खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. फ्युएल इंजेक्शनची मोटारसायकल इंजिन चालू ठेवून उभी असताना (म्हणजे आयडलिंगवर) तिचे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, एका जागी थांबत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्या गाड्या आता जुन्या होऊ लागल्या आहेत, त्यामुळे ही तक्रार वाढणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका शाळेत शिक्षक असून रोज येऊन-जाऊन ५० किलोमीटर मोटारसायकल चालवतो. गाडी १६० सीसीची, चार वर्षांपूर्वी घेतलेली असून ४१,००० किलोमीटर चालली आहे. सकाळी चालू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटे सारे ठीक असते. नंतर मूठ पूर्ण सोडली तरी आरपीएम १,२०० वरून २,१०० पर्यंत चढतात, पुन्हा उतरतात आणि हे सारखे चालू राहते. आमचे मिस्तरी म्हणतात, "गुरुजी, गाडी दम खाई ऱ्हायनी." त्यांनी थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवून दिले. दोन दिवस बरे वाटले, मग त्रास आणखी वाढला. बॅटरी आणि प्लग नवे टाकले आहेत. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. आता पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलण्याचा सल्ला मिळत आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : गुरुजी, थ्रॉटल बॉडी आत्ता बदलू नका. निदानाचा निम्मा भाग आपल्या पत्रातच आला आहे. इंजिन थंड असताना त्रास नाही, तापल्यावर आहे; चढ-उतार वेडावाकडा नसून तालात आहे; आणि स्क्रू फिरवल्यावर तो वाढला. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की पहिला संशय इंजिनात चोरवाटेने शिरणाऱ्या हवेवर जातो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा जाईल तसे पेट्रोल तिच्या ओढीने आपोआप खेचले जात असे, आणि मिस्तरी कानाने ऐकत स्लोचा व एअरचा स्क्रू बसवून देत असे. इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाकडे, गेले आहे. थ्रॉटल किती उघडा आहे, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) दाब किती आहे, हवा आणि इंजिन किती तापले आहे, हे सेन्सरकडून कळल्यावर ईसीयू पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. मूठ सोडल्यावर थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटते आणि इंजिन चालू राहण्यापुरती हवा बाजूच्या एका अरुंद मार्गाने जाते. पुष्कळ गाड्यांत त्या मार्गावर एक छोटी झडप असते आणि ईसीयू तिला कणाकणाने पुढे-मागे करून आयडलिंग राखतो. १५०-१६० सीसीच्या अनेक गाड्यांत ते १,४०० च्या आसपास, १०० इकडे-तिकडे, अपेक्षित असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा.

आता थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी मॅनिफोल्डला चीर गेली आहे, असे समजा. त्या चिरेतून शिरणारी हवा ईसीयूच्या हिशेबात नसते. इंजिन थंड असताना ईसीयू मुद्दाम पेट्रोल जास्त देतो आणि आयडलिंगही वर ठेवतो, त्यामुळे ही जादा हवा खपून जाते. इंजिन तापले की पेट्रोल कमी होते. शिवाय सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावर खरे आकडे देऊ लागतो आणि मग हवेचा हिशेब चुकल्याचे उघड होते.

चढ-उतार तालात का होतो, हे समजून घेतले तर आपले पुढचे पैसे वाचतील. उतारावर मूठ सोडून गाडी चालवताना पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून, थ्रॉटल बंद आणि आरपीएम ठरावीक मर्यादेच्या वर असे दिसले की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. उभ्या गाडीत चोरट्या हवेने आरपीएम त्या मर्यादेपलीकडे नेले, तर ईसीयूच्या लेखी गाडी उताराला लागलेली असते. तो पेट्रोल तोडतो, आरपीएम पडतात. मर्यादेखाली आले की पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि आरपीएम पुन्हा चढतात. आपल्या मिस्तरींनी वापरलेला "दम खाणे" हा शब्द या क्रियेला अगदी चपखल बसतो.

स्क्रूची गोष्ट याच संदर्भात घ्यावी लागेल. काही गाड्यांत आयडलिंगचा स्क्रू उत्पादकानेच दिलेला असतो आणि पुस्तिकेत तो फिरवण्याची पद्धत लिहिलेली असते. परंतु ज्या स्क्रूच्या डोक्यावर कारखान्यातील रंगाचा ठिपका किंवा सील असते, तो थ्रॉटलची पाकळी कुठे थांबावी हे ठरवणारा स्क्रू असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. तो आत घेतला की पाकळी थोडी उघडी राहते आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा बंद स्थितीतला व्होल्टेज वर सरकतो. अनेक गाड्यांत तो अर्ध्या व्होल्टच्या किंचित वर असतो. तो बराच सरकला तर मूठ सुटली आहे हेच ईसीयूला ओळखता येत नाही आणि आयडलिंग राखण्याचे काम तो सोडून देतो. म्हणून पहिले काम हा स्क्रू मूळ जागी आणण्याचे. स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारे यंत्र) लावून थ्रॉटलचा बंद स्थितीतला आकडा पाहावा आणि तो त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी जुळवावा. अंदाजाने करू नये.

त्यानंतर हवेची चोरी शोधावी. इंजिन गार असताना टाकी उचलून मॅनिफोल्डच्या रबरावर अंगठा दाबून ते सर्व बाजूंनी किंचित वाकवून पाहावे. मी जळगावात गॅरेज चालवत असताना असाच दम खाणारी एक गाडी माझ्याकडे आली होती. मी आधी तिचा दाबाचा सेन्सर बदलला आणि ग्राहकाचे पैसे खर्च करवले; गाडी होती तशीच राहिली. शेवटी मॅनिफोल्ड काढून उजेडात वाकवले, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला, तेल आणि धुळीच्या काळ्या थराखाली, केसाएवढी बारीक चीर तोंड उघडताना दिसली. रबर सरळ असताना ती मिटून जात होती. तेव्हापासून रबर वाकवून पाहिल्याशिवाय मी एकही सेन्सर बदललेला नाही.

जोडीला मॅनिफोल्डची क्लिप सैल आहे का, त्याच्या तोंडाशी असलेला ओ-रिंग चपटा झाला आहे का, आणि थ्रॉटल बॉडीकडे येणाऱ्या बारीक होज पाइपांची टोके कडक होऊन फाटली आहेत का, हेही पाहावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि इंजिनाची धग त्यात मिळते. चार वर्षांत रबर कडक होणे यात नवल नाही.

डोळ्यांना काही दिसले नाही, तर गाडी आयडलवर ठेवून साध्या पाण्याच्या स्प्रे बाटलीने जोडांवर अगदी बारीक तुषार मारावा. प्लगची कॅप, कपलर (वायरींचे जोड) आणि तापलेला सायलेन्सर मात्र टाळावा. एखाद्या ठिकाणी पाणी पडताच क्षणभर आवाज बदलला, तर चोरी तिथेच आहे. याच कामासाठी काही जण पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात, तर काही जण अगरबत्तीचा धूर धरतात. तापलेल्या इंजिनाजवळ आणि टाकीच्या खाली हे करणे म्हणजे आगीला बोलावणे आहे. कृपा करून कोणी करू नये.

हवा कुठूनही चोरून शिरत नसेल, तरच पुढे जावे. बाजूच्या हवेच्या मार्गात कार्बन साचला आहे का ते पाहावे. नंतर पूर्ण गार इंजिनावर टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली फट, फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजावे. ४१,००० किलोमीटरमध्ये ते कमी झाले असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आयडलवर कॉम्प्रेशन कमी पडते आणि हा दोष कोणत्याही स्कॅनरवर दिसत नाही. सेन्सर तपासण्याची एक सोपी वेळ म्हणजे पहाट. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची फक्त चावी फिरवून स्कॅनरवर हवेचे आणि इंजिनाचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके असले पाहिजेत. हवा २८ अंश असताना इंजिन ५ अंश दाखवत असेल, तर ईसीयू त्याला कडाक्याच्या थंडीतले इंजिन समजून पेट्रोल ओतत राहील. त्याच वेळी मॅनिफोल्डच्या दाबाचा आकडाही पाहावा. तापीकाठचा आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे. म्हणून इंजिन बंद असताना हा दाब ९७ ते ९९ किलोपास्कलच्या आसपास असायला हवा. दिवा लागत नाही म्हणजे सर्व सेन्सर निर्दोष आहेत, असे धरून चालू नये. सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला तर दिवा लागतो. तो थोडे चुकीचे पण शक्य वाटणारे आकडे देत असेल, तर दिवा बहुधा लागत नाही.

प्रश्न : मी शहादा येथे राहतो. पावसाळा सुरू झाल्यापासून माझ्या १२५ सीसी गाडीचे आयडलिंग थरथरते. इंडिकेटर लावला की त्याच्या प्रत्येक उघडझापीबरोबर इंजिनाचा आवाज बसतो आणि चौकात ब्रेक दाबून थांबलो की कधी कधी गाडी बंदच पडते. इंजेक्टर खराब झाला असेल का?

उत्तर : इंडिकेटरचे निरीक्षण आपण नोंदवले, याबद्दल आपले आभार मानतो, कारण त्यातच उत्तर आहे. इंडिकेटरच्या तालावर इंजिन बसत असेल, तर दोष पेट्रोलमध्ये नसून विजेत आहे. इंजेक्टर, टाकीतला पंप आणि प्लगची कॉइल हे सारे एकाच बॅटरीवर चालतात. २०१७ पासून हेडलाइटही कायम चालू असतो. आयडलवर जनित्राकडून वीज कमी मिळते. त्यात ब्रेक लाइट आणि इंडिकेटरची भर पडली की जिथे कनेक्शन कमकुवत आहे तिथे व्होल्टेज कोसळते. व्होल्टेज घसरले की इंजेक्टर उघडायला उशीर होतो. ईसीयू त्याची भरपाई करतो, पण ती मर्यादेतच.

मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन ४,००० ते ५,००० आरपीएमवर नेल्यावर साडेतेरा ते पावणेपंधरा व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते मिळत असतील, तर मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून गाडी चालू असतानाच इंडिकेटर व ब्रेक लावावेत. आकडा ०.२ व्होल्टच्या वर उडी मारत असेल, तर अर्थिंगची वायर गंजली आहे. आपण पावसाळ्याचा उल्लेख केला आहे, त्यावरून माझा कल इकडेच आहे. अर्थिंगचा बोल्ट काढून त्याखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी, वायरचे रिंग टर्मिनल साफ करावे आणि घट्ट बसवून वरून थोडे ग्रीस लावावे. टाकीखालचे आणि सीटखालचे कपलर एकेक करून उघडून त्यांत हिरवट गंज आहे का तेही पाहावे. प्रेशर वॉशिंगचा फवारा या जागांवर मारू देऊ नये. गाडी गोठ्यात किंवा चाऱ्याच्या शेडमध्ये उभी राहत असेल, तर वायरिंग उंदरांनी कुरतडले आहे का ते हाताने चाचपावे. डोळ्यांना ते सहसा दिसत नाही.

प्रश्न : अमळनेर येथे माझे छोटे गॅरेज आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगला थ्रॉटल बॉडी स्प्रेने धुऊन द्यावी अशी ग्राहकांची मागणी असते. परंतु धुतल्यानंतर काही गाड्यांचे आयडलिंग आधीपेक्षा बिघडते. माझे काय चुकते?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक ठिकाणी असा बिघाड गाडीच्या माथी मारला जातो. प्रत्येक सर्व्हिसिंगला थ्रॉटल बॉडी धुण्याची गरज नसते. साफसफाई करावी ती कार्बन दिसत असेल तेव्हाच. स्प्रे थेट आत मारू नये. काही थ्रॉटल बॉडींत पाकळीच्या कडेला कारखान्यातूनच एक बारीक लेप दिलेला असतो. त्याला कार्बन समजून घासले की पाकळी आणि भिंत यांच्यामधली फट कायमची वाढते. बॅटरीचे टोक सोडून थ्रॉटल बॉडी गाडीवरून काढावी, सुती कापडावर क्लीनर घेऊन हलक्या हाताने पुसावी आणि सेन्सर व झडपेच्या मोटरमध्ये द्रव जाऊ देऊ नये. पाकळी कधीही बोटाने जोरात उघडून सोडू नये.

धुतल्यावर आयडलिंग बिघडण्याचे मुख्य कारण हे, की कार्बनमुळे अरुंद झालेल्या मार्गाची ईसीयूने स्वतःला सवय लावून घेतलेली असते आणि झडप जास्त उघडी ठेवायला तो शिकलेला असतो. मार्ग अचानक मोकळा झाला की तीच सवय आता हवा जास्त देऊ लागते. म्हणून साफसफाईनंतर त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे थ्रॉटलची बंद स्थिती ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. काही गाड्यांत हे स्कॅनरने होते, काहींत चावी आणि मूठ यांच्या ठरावीक क्रमाने. सर्व गाड्यांना चालणारी एकच युक्ती नसते, त्यामुळे ऐकीव पद्धत वापरू नये.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. गाडी आयडलवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. वळवताना आरपीएम चढत असतील, तर मुठीची केबल ताणली जात आहे आणि थ्रॉटल बॉडीचा काही दोष नाही. दुसरी गोष्ट एअर फिल्टरची. आपल्या भागात जिनिंगच्या हंगामात कापसाचा भुसका हवेत असतो आणि फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी त्याची मऊ गादी तयार होते. ती काढावीच. पण तेल लावलेला कागदी फिल्टर हवेच्या प्रेशरने फुंकून पुन्हा वापरू नये. त्याने कागदाला न दिसणारी भोके पडतात आणि धूळ सरळ थ्रॉटल बॉडीत जाते. धुळीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलण्याचा सल्ला ग्राहकाला निःसंकोच द्यावा.

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळीची शेती आहे. शेतावर जाण्यापूर्वी मी गाडीची टाकी तोंडापर्यंत भरून घेतो. दुपारभर गाडी उन्हात बांधावर उभी असते. परत निघताना चालू केली की आयडलिंग बसते, पेट्रोलचा वास येतो आणि अर्धा-एक किलोमीटर गेल्यावर गाडी सुधारते. इतर वेळी काहीच त्रास नाही.

उत्तर : टाकी तोंडापर्यंत भरणे थांबवा. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या एका डब्यात साठवली जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. इंजिन चालू झाल्यावर ती वाफ एका होज पाइपाने खेचून जाळली जाते. टाकी काठोकाठ भरून गाडी उन्हात ठेवली की पेट्रोल फुगते आणि वाफेऐवजी पातळ पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरते. चालू करताच ते इंजिनात जाते, मिश्रण घट्ट होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते) आणि आयडलिंग बसते. टाकीच्या आतल्या गळ्यापर्यंत, त्याच्या खालच्या कडेपर्यंतच पेट्रोल घ्यावे आणि वरचा भाग मोकळा सोडावा. चार-पाच वेळा असे करूनही वास येत राहिला, तर कॅनिस्टर ओला होऊन निकामी झाला आहे किंवा त्याची झडप उघडी अडकली आहे. ती तपासण्यासाठी इंजिन आयडलवर असताना कॅनिस्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे येणारा होज पाइप चिमट्याने हलकेच दाबून धरावा. दाबताच आयडलिंग सुधारले, तर दोष तिथे आहे. पाइप दाबलेल्या अवस्थेत बांधून किंवा कॅनिस्टर काढून टाकून गाडी चालवू नये. उघड्या राहिलेल्या तोंडातून हवा शिरेल आणि चोपड्याच्या गुरुजींना झालेला त्रास आपल्यालाही सुरू होईल.